बिब्ब्याचं न पाहिलेलं अर्धं वर्ष

२०२२ साल. माझं वय एकाहत्तर. आधार कार्डावर दोन वर्षं कमी पडलेली आहेत, पण ती चूक कार्डाची, माझी न्हाई.

त्या साली मी पहिल्यांदा ऊसतोडीला गेलो नाही. मिसरूड फुटलं तेव्हापासून दर दिवाळीला कारखान्याचा रस्ता धरलेला माणूस मी. पण उजव्या गुडघ्यानं ऐकणं सोडलं होतं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना तो मधेच वाकायचा आणि मागच्या माणसाला थांबावं लागायचं. माझ्यामुळं कुणाला थांबावं लागलेलं मला चालत नाही. लेक म्हणाला, "दादा, आता बास करा." मी म्हणालो, "बास करायचं का न्हाई ते मी ठरवीन, तू न्हाई." मग मीच ठरवलं की बास. माझ्यामागं माझी म्हातारी, म्हणजे बायको, तीही सुटली. ऊसतोडीत एकट्याला काम नसतं, नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. जोडीतला एक मोडला की कोयता मोडला.

मी दुसरी शिकलेला आहे. लिहायला वेळ लागतो. पण लिहितो ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि हे झाड तर मी पाहिलं म्हणजे पाहिलंच.

आमचं रान नेकनूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी. मुरमाड. त्या रानाच्या बांधावर बिब्ब्याचं एक झाड आहे. शहरातल्या माणसाला बिब्बा म्हणजे काळं, चपटं, बदामाच्या आकाराचं फळ, दृष्ट लागू नये म्हणून गाडीला बांधलेलं, एवढंच ठाऊक असतं. त्याच्या सालीत काळं तेल असतं. ते अंगाला लागलं की चामडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, सूज पसरत जाते. त्याला आम्ही बिब्बा उतला म्हणतो. काही जणांना नुसतं झाडाखालून गेलं तरी उततो. माझी म्हातारी त्यातलीच. पण त्याच जहरी सालीच्या आत पांढरी, गोड बी असते, ती गोडंबी. मोठ्या घरी बाळंतिणीच्या लाडवात अक्रोड-बदाम पडतात. आमच्याकडं गोडंबी पडते, आणि ती काही कमी नसते. अक्रोडाचं कवच माणसाला नुसतं अडवतं. बिब्बा अडवतो आणि वर चटका देतो, मगच आतलं देतो.

हे झाड मला लहानपणापासून ठाऊक. म्हणजे मी तसं समजत होतो. खरं पाहिलं तर ऊसतोड्याला कुठल्याही झाडाचं अर्धंच वर्ष ठाऊक असतं. चैत्रात कारखान्याचा पट्टा पडला, गाळप थांबलं, की आम्ही गावी यायचो. तेव्हा बिब्बा उघडा असायचा. नुसत्या काळ्या फांद्या, वाळलेल्या म्हशीच्या फासळ्यांसारख्या. वैशाख सरता सरता शेंड्यांना कोंब यायचे आणि बघता बघता एवढाली पानं व्हायची, भाकरी बांधून घ्यावी अशी. पण बिब्ब्याच्या पानात कुणी भाकरी बांधत नाही. आषाढात फांद्यांच्या टोकाला बारीक, हिरवट-पांढरा मोहर. त्याला वास असा न्हाई, पण माश्या सोडत नाहीत. श्रावणभर झाड गुणगुण करतं. भादव्यात मोहर गळून मुगाएवढी फळं दिसतात आणि घट बसेपर्यंत ती चांगली अंगठ्याएवढी होतात. हिरवी, टणक, एका अंगाला कललेली. मग दिवाळी, मग ट्रक. पुढं झाडाचं काय होतं, ते झाडाला ठाऊक.

त्या साली नात घरी आली होती. माझ्या लेकाची थोरली पोर, गेवराईच्या पलीकडं दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दसऱ्यालाच आणली. डॉक्टरनं माघ सांगितला होता. आणि माघात तिची आई कुठं असणार, तर उसाच्या फडात. सूनबाई राहिली असती तर लेकाचाही कोयता मोडला असता, आणि मुकादमाला तर शब्द गेलेला. त्यावर घरात काही भांडण झालं नाही. भांडण करण्याजोगी गोष्टच नव्हती ती.

ट्रक गावाच्या फाट्यावर उभा होता. भांडी, गोधड्या, शेरडं सगळं चढलं होतं. सूनबाई पोरीच्या केसांची वेणी सोडून पुन्हा घालत होती. चांगली घातलेली वेणी होती ती, सोडायचं काही कारण नव्हतं. मग माझ्याकडं आली. पदर नीट केला.

"मामा, पैलं बाळंतपण हाय तिचं."

"मला ठावं हाय."

"आत्याबाईच्यानं आता पाटा-वरवंटा व्हत न्हाई. लाडू कोन करल? कोन बघल तिला?"

मी म्हणालो, "सारं व्हईल. लाडू व्हतील, आन् गोडंबी आपल्या बांधावरची पडल. दुकानची येक बी घालनार न्हाई. ह्यो माजा सबूद."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मामा, तुमी कवा बिब्बा फोडलाय का?"

"फोडीन."

तेव्हा ती जराशी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. त्या हसण्यावर ती ट्रकात चढली, आणि ट्रक गेला. आता हा शब्द मोडला तर फडात बसून ती बाई कुणाच्या भरवशावर कोयता चालवणार? एवढंच माझ्या डोक्यात होतं.

घरी आलो. जेवलो नाही. फांद्या वाकवायची आकडी घेतली, पोतं घेतलं आणि रानात गेलो.

आता हे ज्यानं ऊसतोड केली न्हाई त्याला समजायचं नाही. आमच्या घराचं सगळं दिवाळीच्या आत उरकायचं असतं. बाजरी पोत्यात, कडबा झाकलेला, घराला कडी. ट्रक यायच्या आत जे घरात आलं ते आपलं. मागं राहिलं ते पाखराचं, नाहीतर चोराचं. सगळा जन्म असाच गेलेला. त्या दुपारी मी झाडाखाली उभा राहिलो आणि माझे हात आपोआप चालायला लागले. जेवढ्या फांद्या आकडीत आल्या तेवढ्या वाकवल्या, ओरबाडल्या. हिरवी फळं पोत्यात. देठातून पांढरा-काळा चीक हातावर, मानेवर गळत होता. मी धोतराला पुसत होतो आणि त्याच हातानं कपाळाचा घाम पुसत होतो.

पोतं अंगणात ओतलं. एक फळ दगडावर ठेवून ठेचलं. आत बी नव्हतीच. बुळबुळीत पाणी, तांदळाच्या पेजेसारखं. दुसरं ठेचलं, तिसरं ठेचलं. सगळ्यांत तेच.

म्हातारी लांब, ओसरीच्या टोकाला नाकाला पदर लावून उभी होती.

"अवो," ती म्हणाली, "टरक गेला. तुमी न्हाई गेलात. कुटं पळून चाललं व्हतं झाड?"

मी चौथं फळ दगडावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मला बोलताच येईना, ओठ एवढाले झाले होते. डोळे मिटले. मानेवर, हातावर, आणि जिथं धोतराला हात पुसले तिथंही फोड. म्हातारीनं तीळ आणि खोबरं खलबत्त्यात कुटून वाटीत घातलं, ती वाटी काठीनं माझ्याकडं ढकलली. जवळ आली नाही, तिला उतला असता. नातीनं काडीला कापूस गुंडाळून लावून दिलं. लावता लावता पोर हसायला लागली.

"आबा, तुमचं तोंड पाक भोपळ्यावानी झालंय."

"हास. पोटातल्याला बी ऐकू जाऊ दे."

"त्येला काय सांगू? आबाला काय झालं म्हनून?"

"आबा लढाईला गेलता म्हनून सांग."

सूज उतरत आली तसा मी फाट्यावर गेलो. तिथं माझ्या बरोबरीचा एकजण बसलेला असतो. त्यानं लांबूनच आवाज दिला, "काय बे, म्हतारीनं हानलं का?" मी म्हणालो, "तुजी हानती, तुला ठावं." माणसानं उत्तर द्यायला उशीर करू नये.

फडातून सूनबाईचा फोन यायचा. पोरीशी बोलून झालं की मला मागायची. "मामा, गोडंबीचं कसं काय?" मी म्हणायचो, "व्हतंय की." खोटं नव्हतं ते. झाडाच्या शेंड्याला, जिथं माझी आकडी पोचली नाही, तिथं फळं शाबूत होती. आता त्यांच्यावरच होतं सगळं.

मग मी रोज जायला लागलो. काठी टेकत, सकाळचं ऊन तापायच्या आत. पहिल्यांदा राखण म्हणून जात होतो. मग पाहायला म्हणून जाऊ लागलो.

कार्तिक संपला तरी फळ हिरवंच. माझा धीर सुटत चालला. मग एके दिवशी फळाच्या बुडाशी, देठाजवळ, एक गोळा फुगलेला दिसला. बिब्ब्याला एक गोष्ट आहे, ती ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून पटत नाही. फळ खाली लटकलेलं असतं आणि त्याच्या डोक्यावर, देठाच्या बाजूला, दुसरं मऊ फळ धरतं. आधी ते फिकट, मग पिवळं, मग थेट झेंडूसारखं केशरी. आणि ते जसजसं केशरी होतं तसतसा खालचा बिब्बा जांभळा होत काळा होतो. जणू एकानं दुसऱ्याचा रंग ओढून घेतला. मार्गशीर्षात एका सकाळी मी गेलो तर शेंडा सगळा पेटलेला. केशरी न् काळा, केशरी न् काळा. मी मान वर करून उभा राहिलो. मान दुखली तेव्हा बांधावर बसलो आणि बसून पाहिलं.

जन्मभर हे झाड दरसाल असं नटत होतं आणि मी तिकडं उसाच्या पाचटात होतो. मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. झाडाचा तर न्हाईच. पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. आपल्याच बायकोला लग्नाच्या इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नवं लुगडं नेसून ओसरीत येताना पाहावं, तसं. हे मी म्हातारीला बोललो नाही. बोललो असतो तर म्हणाली असती, "मला कवा आनलंत नवं लुगडं?"

नातीला मात्र दाखवायला नेलं. लांबून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी करून. ती पोटावर हात ठेवून पाहत राहिली. म्हणाली, "आबा, लई चांगलं दिसतंय. पन मला उतंल का?" मी तिला तिथूनच परत फिरवली.

पौष लागला आणि बिब्बे पडायला लागले. फळ आपण होऊन सुटतं, ठप्प आवाज होतो. मी पोतं घेऊन गेलो त्या सकाळी झाडाखाली कुणीतरी आधीच वाकलेलं होतं. माळावरच्या वस्तीवरची मेंढरंवाली म्हातारी. माझ्याहून थोरली असेल, पण कंबर माझ्याहून ताठ. तिची मेंढरं खालच्या पडीक रानात चरत होती आणि ती चिमट्यानं एकेक बिब्बा उचलून टोपल्यात टाकत होती. घरच्यासारखी.

"कोन गं ती? कुनाच्या झाडाखाली हायस?"

तिनं मान वर केली नाही. "बिब्ब्याच्या."

"झाड माजं हाय."

"असंल." टोपल्यात आणखी एक. "तू कवा असतो हितं? म्या दर पौषाला असते."

"यंदा म्या हाय."

आता ती सरळ झाली. झाडाकडं पाहिलं. खालच्या फांद्या ओक्याबोक्या, शेंड्यालाच फळं. मग माझ्या मानेवरच्या डागांकडं पाहिलं आणि हसली. दात फार नव्हते, पण हसायला पुरे होते.

"हिरवे तोडलेस व्हय रं? आकडी लावून? आरं, हिरवा बिब्बा तर माजी मेंढरं बी वळखतात."

"मेंढरावरनं काय बोलायचं न्हाई. टोपलं ठेव हितं आन् चल."

"तुज्या आईनं मला सांगितलंय, वेच म्हनून. मेंढराच्या खुरात किडं पडलं की ह्येच तेल लावते म्या. तुज्या बापाच्या मेंढरांस्नी बी लावलंय."

"माजी आई जाऊन लई वर्सं झाली."

"म्हनून सबूद बी गेला व्हय?"

 मी म्हणालो, "म्या बी सबूद दिलाय. नातीच्या लाडवाला गोडंबी पायजे. येक बिब्बा देनार न्हाई."

तिनं टोपलं माझ्या पायाशी पालथं केलं. "घे. वेच तूच, फोड बी तूच." आणि मेंढरांना शीळ घालत निघून गेली. वळून पाहिलं नाही. अशा बाईचा मला राग येतो, कारण तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

मी वेचले, तिच्यासारखा चिमटा करून. अंगणात दगड मांडला. हाताला राख लावली, तोंडाला फडकं बांधलं. ताजा बिब्बा तेलानं भरलेला असतो. मोगरी मारली की तो निसटतो. जोरात मारली की साल, तेल, बी सगळ्याचा चेंदा. दिवसभर बसून वाटीच्या बुडाला पुरेल एवढी गोडंबी निघाली आणि तीही काळी पडलेली. जिभेला लावून पाहिली, जीभ चरचरली. हे बाळंतिणीच्या पोटात घालायचं होतं.

आणि पोर माघापर्यंत थांबली नाही. पौषातच कळा लागल्या. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला बीडच्या दवाखान्यात नेलं, शेजारीण तिच्यापाशी राहायला आली. मुलगी झाली. नीट झाली, दोघी ठणठणीत. तिथल्या बाकड्यावरून मी फडात फोन लावला. सूनबाईला सांगितलं. पाचटाचा आवाज येत होता आणि तिच्या श्वासाचा. मग म्हणाली, "मामा, कशी हाय? कुनावानी हाय?" मी म्हणालो, "तुज्यावानी. नाक माजं." ती हसली, रडली. आणि मग विचारलं, "लाडू केलं का?"

"करतो."

घरी आलो. म्हातारी म्हणाली, "नेकनूरच्या बाजारातनं आना गोडंबी. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय."

"मंग खारीक-खोबऱ्याचं करते. गोडंबी ऱ्हाऊ द्या."

"सबूद दिलाय म्या."

ती पीठ चाळत होती. चाळणी थांबवून म्हणाली, "मंग जा की माळावर. मेंढरंवालीकडं. तुमच्या ल्येकाच्या बाळंतपनात माज्या लाडवाला तिनंच तर फोडून दिलती गोडंबी. ह्याच झाडाची. तुमच्या आईनं तिच्याकडनंच घेतलती."

मी म्हणालो, "मंग आदी कावून बोलली न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा? टरक गेल्या गेल्या आकडी घेऊन पळाला."

माझा लेक जन्मला तेव्हा मी फडातच होतो. बातमी मला मुकादमाकडून कळली होती. बायकोनं काय खाल्लं, कुणी करून घातलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. पुरुषानं विचारायचं नसतं असं काही नाही, पण विचारलं नव्हतं.

मी काठी घेतली. माळाची चढण गुडघ्याला मानवत नाही. तीन ठिकाणी बसलो. वस्तीवर पोचलो तर मेंढरंवाली कोकराला दूध पाजत होती. मला पाहिलं, पण कोकरू पोटभर पिऊन होईपर्यंत बोलली नाही. मी उभाच राहिलो.

"बस की. का बसायला बी सबूद लागतो?"

बसलो. तिच्या सुनेनं चहा आणला. मी घोट घेतला आणि म्हणालो, "पोरगी झाली नातीला."

"आयकलं."

"बिब्बे फुटंनात माज्यानं."

"ते बी आयकलं. ताजे फोडतोस म्हनं. ताजा बिब्बा कुनी फोडतं का? पत्र्यावर वाळवायचा, उनात तेल आटू द्यायचं."

"तेवडा दम न्हाई आता. पोरगी आजच बाळंत झाली."

ती उठून आत गेली. मडकं घेऊन आली आणि माझ्यापुढं पालथं केलं. राख पडली, आणि राखेतून काळेभोर, सुरकुतलेले, खडखडीत बिब्बे.

"गेल्या पौषाचे," ती म्हणाली. "तुज्याच झाडाचे. तू तिकडं ऊस तोडत व्हतास तवाचे."

मी एक उचलला. हाताला काही लागलं नाही. वर्षभरात सगळं तेल आत जिरून घट्ट झालेलं. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. एवढंच की तो बिब्बा मी लगेच खाली ठेवला नाही.

तिनं तिळाचं तेल तळहाताला चोळलं, वर राख. खळगा पडलेल्या दगडात बिब्बा उभा धरला, धारेवर. एकच हलका घाव. साल दोन फाकांत उघडली आणि आतून गोडंबी निघाली, अख्खी, पांढरी, लहान मुलाच्या दातासारखी. मी म्हणालो, "आन हिकडं, म्या बी फोडतो." तिनं मोगरी दिली. माझे पहिले काही चेंदले, ती मोजून शिव्या देत होती. मग एक अख्खी निघाली.

"झाला बाबा पास," ती म्हणाली. "आता ऐक. आकडी लावायची न्हाई झाडाला. पडल ते पडल. आन् पडल ते मी वेचनार."

"निम्मे."

"निम्मे तू हिरवेच नासलेस. तुजे निम्मे झाले."

"आक्का, झाड माज्या बांधावर हाय."

"बांध तुजाच ऱ्हाऊ दे. मला बांध खुरात घालायचा न्हाई."

मी थोडा वेळ ताणून धरलं. एकदम हो म्हणायची मला सवय नाही. पण मोगरी तिचीच हातात होती, आणि मडकंही तिचंच. "वेच," मी म्हणालो. "पन बाळंतीन आसंल त्या साली माज्या घरचं आदी."

"ते सांगावं लागतंय व्हय? तुज्या आईला बी कवा सांगावं लागलं न्हाई."

गोडंबी फडक्यात बांधून मी उतरलो. उतरताना एकदाच बसलो.

नात बाळाला घेऊन घरी आली त्या दिवशी म्हातारीनं लाडू केले. डिंक तळला, खारीक कुटली, खोबरं भाजलं, गूळ. गोडंबी मी स्वतः निवडली. साल राहिलेली दिसली तर बाजूला. आधी एक लाडू मी खाल्ला आणि जीभ चरचरते का ते पाहत बसलो. म्हातारी म्हणाली, "येक का, दोन खा. जिभंला नीट इचारा." चरचरली नाही. मग नातीला दिला.

संध्याकाळी शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून फोन लावला, तोंड दिसतं तसला. सूनबाई पाचटाच्या कोपीच्या दारात बसली होती, डोक्याला फडकं, मागं वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा ढीग. बाळ दाखवलं. तिनं पडद्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "मामा, लाडू फोडून दाखवा."

मी लाडू फोडला. आत पांढरे तुकडे. मोबाइल जवळ नेला.

"बांधावरची हाय?"

"बांधावरची."

म्हातारी माझ्या मागं उभी होती. आता ही बोलते, असं मला वाटलं. ती म्हणाली, "खरं हाय गं. ह्यांनी सोता फोडली. थोडी."

सूनबाईनं पदरानं डोळे पुसले. "मंग झालं," ती म्हणाली. "उद्या येक फड सपवायचाय. झोपते आता निवांत." आणि पोरीला म्हणाली, "खा गं. रोज दोन खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेलो. बिब्ब्याची पानं गळायला लागली होती. एवढालं पान सुटायचं, फिरत फिरत यायचं आणि जमिनीवर खरखरीत आवाज करून पडायचं. तेही मी पहिल्यांदाच पाहिलं. पडलेल्या बिब्ब्यांवर पानांचा थर झाला होता. मी काठीनं पानं बाजूला सारली, सगळीकडची, बुंध्यापासून बांधापर्यंत, म्हणजे बिब्बे उघडे दिसावेत आणि मेंढरंवालीला वाकून शोधावं लागू नये. एकही उचलला नाही. घरी आलो. म्हातारीनं दारातच अडवलं आणि मोरीकडं बोट केलं. गरम पाणी काढलेलंच होतं. अंगभर आंघोळ केली, हात राखेनं दोनदा घासले, धुतलेली बंडी घातली, आणि मग पणतीला मांडीवर घेतलं.